चमनमध्ये पकडलेला हेरातचा राज्यपाल : खैरुल्ला खैरख्वा आणि आरोपपत्राविना बारा वर्षं

अक्षांश (धागाकर्ता)

ग्वांतानामोचा, म्हणजे क्युबातल्या अमेरिकी तळावरच्या तुरुंगाचा, विषय निघाला की चर्चा बहुतेक वेळा छळाकडे वळते. ते योग्यच आहे, त्यावर बोललंच पाहिजे. पण मला इथे एका माणसाच्या निमित्ताने वेगळा प्रश्न मांडायचा आहे. शत्रूच्या राजवटीतला मोठा अधिकारी हाती लागला, तर त्याला नेमकं काय म्हणून डांबायचं? युद्धकैदी म्हणून, की गुन्हेगार म्हणून?

माणूस आहे मुल्ला खैरुल्ला खैरख्वा. १९९४ मध्ये तालिबान उभी राहत होती तेव्हापासूनचा हा माणूस. सुरुवातीला स्पिन बोल्डकला प्रवक्ता, पुढे काबूलमध्ये गृहखात्याचा कारभार आणि १९९९ पासून पश्चिमेकडच्या हेरात प्रांताचा राज्यपाल. नोव्हेंबर २००१ मध्ये हेरात तालिबानविरोधी सरदार इस्माईल खानच्या हाती गेलं. त्यानंतर हा पाकिस्तानात निसटला आणि फेब्रुवारी २००२ मध्ये चमनला पकडला गेला. चमन म्हणजे बलुचिस्तानातलं अगदी हद्दीवरचं गाव, पलीकडे लगेच स्पिन बोल्डक. पाकिस्तानने त्याला अमेरिकेच्या ताब्यात दिलं. कंदाहारच्या विमानतळावरच्या छावणीतून मे २००२ मध्ये तो ग्वांतानामोला पोचला. कैदी क्रमांक ५७९.

खैरख्वाचं म्हणणं असं की तो मुलकी अधिकारी होता, लढाईशी त्याचा संबंध नव्हता, आणि पकडला गेला त्या काळात तो अफगाणिस्तानच्या नव्या सरकारचे प्रमुख हमीद करझाई यांच्या माणसांशी संपर्क साधून नव्या व्यवस्थेत जागा शोधत होता. दोघेही पोपलझाई जमातीचे, त्यामुळे ओळख जुनी. अमेरिकेचं म्हणणं असं की तालिबानमध्ये मुलकी आणि लष्करी अशी भिंत नव्हतीच. राज्यपालाच्या हाताखाली फौज असायची आणि इराणी अधिकाऱ्यांबरोबर झालेल्या बैठकांनाही हा हजर होता.

यातलं खरं काय, हे ठरवायची एक रीत १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारातच आहे. कलम ५ सांगतं की पकडलेल्या माणसाच्या दर्जाबद्दल शंका असेल, तर सक्षम न्यायाधिकरण निर्णय देईपर्यंत त्याला युद्धकैद्याचंच संरक्षण द्यायचं. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेनेच अशा सुमारे १२०० सुनावण्या घेतल्या होत्या. म्हणजे पद्धत माहीत होती, सवयीची होती. पण ७ फेब्रुवारी २००२ ला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी एका आदेशाने सगळ्या तालिबान कैद्यांना सरसकट युद्धकैद्याचा दर्जा नाकारला. खैरख्वा पकडला गेला तोही त्याच महिन्यात. एकेकट्याची चौकशी करण्याचा प्रश्नच मिटवून टाकला.

त्याच्यावर आरोपपत्र कधीच दाखल झालं नाही. २०११ मध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयात न्यायाधीश रिकार्डो उर्बिना यांनी त्याची बंदी प्रत्यक्षीकरणाची (कैद कायदेशीर आहे का हे न्यायालयाने तपासावं अशी) याचिका फेटाळली, डिसेंबर २०१२ मध्ये अपिली न्यायालयानेही तेच केलं. आणि ३१ मे २०१४ ला तो सुटला. कुठल्या न्यायालयाने सोडलं म्हणून नाही, तर तालिबानच्या कैदेतल्या बो बर्गडाल या अमेरिकी सार्जंटच्या बदल्यात ज्या पाच जणांना कतारला पाठवलं त्यांत तो होता म्हणून. सप्टेंबर २०२१ मध्ये तालिबानने काबूलमध्ये हंगामी सरकार जाहीर केलं, त्यात तो माहिती आणि संस्कृती खात्याचा मंत्री झाला.

माझं मत स्पष्ट आहे. या बारा वर्षांत त्याला युद्धकैद्याचे हक्क मिळाले नाहीत आणि गुन्हेगारावर जसा खटला चालतो तसा खटलाही चालला नाही. दोन्हीकडून नुकसान झालं. त्याचं तर झालंच, पण त्याच्या राजवटीत ज्यांनी सोसलं त्यांचं जास्त झालं. मतं वाचायला आवडतील.


तटबंदी

चांगला विषय. पण मूळ मुद्द्यावर मतभेद आहे.

युद्धात शत्रूला डांबून ठेवण्यासाठी गुन्हा लागत नाही. हे नीट समजून घेतलं पाहिजे, नाहीतर पुढची सगळी चर्चा भरकटते. दुसऱ्या महायुद्धात पकडलेल्या लाखो जर्मन सैनिकांवर कुणी आरोपपत्र ठेवलं होतं का? युद्ध चालू असताना हा माणूस पुन्हा लढायला जाऊ नये, एवढाच त्या कैदेचा हेतू. ती शिक्षा नाही. त्यामुळे 'आरोपपत्राविना' या शब्दाने जो धक्का बसतो, तो युद्धाच्या कायद्यात बसायचं कारण नाही.

१४ सप्टेंबर २००१ ला अमेरिकी काँग्रेसने बळाच्या वापराला मंजुरी दिली आणि १८ तारखेला त्यावर बुश यांची सही झाली. २००४ च्या हम्दी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बळ वापरण्याच्या अधिकारात कैदेत ठेवण्याचा अधिकार आलाच. खैरख्वाच्या अपिलात न्यायालयाने हेच पुढे नेलं. त्याने स्वतः बंदूक चालवली होती की नाही हे पाहायची गरज नाही, तो तालिबानच्या दलांचा भाग होता की नाही एवढंच पाहायचं. राज्यपाल, माजी गृहमंत्री, तालिबानचा प्रमुख मुल्ला ओमरच्या जवळचा. हा भाग नाही तर कोण भाग?


ओसरी

वाचतेय. अक्षांश, पकडला गेला तेव्हा तो कुणाच्या घरी होता हेही लिहा ना. ते महत्त्वाचं आहे.


अक्षांश

ओसरी, हो. न्यायालयाच्या नोंदीनुसार तो अब्दुल मनान नियाझी याच्या घरी सापडला. नियाझी म्हणजे ऑगस्ट १९९८ मध्ये मझार-ए-शरीफ तालिबानने घेतलं तेव्हा तिथे नेमलेला राज्यपाल. त्याच्याबद्दल खाली सविस्तर लिहितो, तो स्वतंत्र विषय आहे.

तटबंदी, तुमचं पहिलं वाक्य मला पूर्ण मान्य आहे. युद्धकैदेला गुन्हा लागत नाही. पण मग युद्धकैदेच्या बाकीच्या अटीही पाळायला हव्यात. त्याच तिसऱ्या करारातलं कलम १७ बघा. कैद्याने नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिकी क्रमांक एवढंच सांगणं बंधनकारक. त्यापुढची माहिती काढायला कुठलीही जबरदस्ती चालत नाही. कलम ११८ प्रमाणे प्रत्यक्ष लढाई थांबली की विनाविलंब घरी पाठवायचं. अमेरिकेने डांबायचा अधिकार युद्धाच्या कायद्यातून घेतला आणि त्याच कायद्याने कैद्याला दिलेलं संरक्षण मात्र गाळलं. माझी हरकत तिथे आहे.

आणि जर्मन सैनिकांबद्दल: ते गणवेशात, रणांगणावर पकडले गेले होते. त्यांच्या दर्जाबद्दल वाद नव्हता. इथे माणूस तिसऱ्या देशात, एका घरात, दुसऱ्या देशाच्या यंत्रणेने पकडला आहे. शंका आहे म्हणूनच कलम ५.


तटबंदी

गणवेश हाच तर प्रश्न आहे. कलम ४ मधल्या अटी वाचा: जबाबदार नेतृत्व, दुरून ओळखू येईल असं चिन्ह, शस्त्र उघड बाळगणं, युद्धाचे नियम पाळणं. तालिबानने यातलं किती पाळलं? नियम न पाळणाऱ्यालाही तोच दर्जा दिला, तर नियम पाळणाऱ्याला काय मिळालं? हा युक्तिवाद बुश प्रशासनाचा होता म्हणून टाकून देऊ नये.


कज्जेदलाल

थोडी भर घालतो. कायद्याच्या क्षेत्रातला आहे, पण अमेरिकी वकील नाही.

त्या अटी नियमित सैन्याला लागू होतात की फक्त स्वयंसेवी टोळ्यांना, यावर विद्वानांत गंभीर मतभेद आहे. कलम ४ मध्ये चार अटी दुसऱ्या उपविभागात लिहिल्या आहेत, पहिल्यात नाहीत. तालिबान त्या वेळी देशाच्या मोठ्या भागावर राज्य करत होती, पाकिस्तान, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातींनी तिला मान्यता दिली होती. त्यामुळे हा प्रश्न एका आदेशाने निकाली काढण्याइतका सोपा नव्हता.

पण माझ्या दृष्टीने जास्त गंभीर आहे ते २००४ नंतरचं. सर्वोच्च न्यायालयाने जून २००४ मध्ये ग्वांतानामोच्या कैद्यांना अमेरिकी न्यायालयांची दारं उघडली, आणि लगेच जुलैमध्ये संरक्षण खात्याने स्वतःची न्यायाधिकरणं सुरू केली. ती खोली डोळ्यांसमोर आणा. समोर तीन लष्करी अधिकारी. कैद्याच्या बाजूला वकील नाही, 'वैयक्तिक प्रतिनिधी' म्हणून नेमलेला आणखी एक लष्करी अधिकारी, ज्याच्यावर गुप्ततेचं वकिली बंधन नाही. आरोपांचा सारांश वाचून दाखवतात. सारांश ज्यावर उभा आहे ती गोपनीय कागदपत्रं कैद्याला दिसत नाहीत. साक्षीदार बोलवायचा तर तो अफगाणिस्तानात, आणि तिथून तो 'वाजवी प्रयत्नांत उपलब्ध नाही'. आणि सरकारचा पुरावा खरा आहे असं गृहीत धरून सुरुवात, खोटा ठरवायची जबाबदारी कैद्यावर. अशा ५५८ सुनावण्या झाल्या आणि ३८ जण 'शत्रू लढवय्ये' नाहीत असं ठरलं. जून २००८ च्या बुमेदियन निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही व्यवस्था बंदी प्रत्यक्षीकरणाला पर्याय होऊ शकत नाही. तोवर खैरख्वाला आत सहा वर्षं झाली होती.


भाऊराव_८४

कंदाहारचं नाव निघालं की मला तरी १९९९ चं विमान अपहरणच आठवतं. तेव्हा धावपट्टीवर वाटाघाटी करणारा तालिबानचा परराष्ट्रमंत्री मुत्तवकील. त्याचं पुढे काय झालं? तोही ग्वांतानामोला गेला का?


अक्षांश

भाऊराव, नाही गेला, आणि हे फार बोलकं आहे. वकील अहमद मुत्तवकील फेब्रुवारी २००२ मध्ये कंदाहारला स्वतःहून शरण आला. अमेरिकेने त्याला अफगाणिस्तानातच ठेवलं आणि २००३ मध्ये सोडलं. पुढे तो काबूलमध्येच राहिला. तो परराष्ट्रमंत्री, म्हणजे हुद्द्याने खैरख्वापेक्षा वरचा. हाती लागले दोघेही एकाच महिन्यात. एकाची सुटका पुढच्या वर्षी, दुसऱ्याची बारा वर्षांनी.

तिसरं उदाहरण अब्दुल सलाम झईफचं. तो तालिबानचा इस्लामाबादमधला राजदूत, ९/११ नंतर रोज पत्रकार परिषदा घ्यायचा म्हणून जगाला चेहरा माहीत. पाकिस्तानने जानेवारी २००२ मध्ये त्याला उचलून अमेरिकेला दिलं. राजदूताला १९६१ च्या व्हिएन्ना कराराने अटकेपासून संरक्षण असतं आणि काम संपल्यावर देश सोडायला वाजवी मुदतही असते. झईफने आत्मचरित्रात अटकेचा प्रसंग लिहिलाय. न्यायला आलेल्या पाकिस्तानी अधिकाऱ्याने त्याला सांगितलं की महामहिम आता महामहिम राहिलेले नाहीत. मग पेशावरला डोळ्यांवर पट्टी बांधून हेलिकॉप्टरशी नेलं आणि तिथे अमेरिकी सैनिकांनी सुऱ्यांनी त्याचे कपडे फाडले. पाकिस्तानी अधिकारी बाजूला उभे राहून बघत होते, असं तो लिहितो. ही त्याची बाजू आहे हे धरूनच वाचावं, पण राजदूताला असं हस्तांतरित केलं गेलं यात वाद नाही. २००५ मध्ये तो सुटला.

तीन मोठे अधिकारी, तीन वेगळे निकाल, आणि तिन्हींत कुठल्याही न्यायाधीशाने 'याला सोडा' म्हटलेलं नाही.


नीलकंठ

पाकिस्तानच्या भूमिकेवर कुणीच बोलत नाहीये. मुशर्रफ यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की त्यांनी ६८९ जण पकडले, ३६९ अमेरिकेच्या हवाली केले, आणि त्यापोटी लाखो डॉलरची बक्षिसं मिळाली. माणूस पकडण्यामागे पैसा असेल तर कुणाला पकडलं, का पकडलं याची चौकशी दुप्पट काटेकोर हवी. खैरख्वा खरंच मोठा मासा होता. पण त्याच जाळ्यात किती साधी माणसं गेली असतील.

आणि तालिबानच्या म्होरक्यांना क्वेट्ट्यात आश्रयही त्याच देशात मिळाला. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने लपवलं.


कोरांटी

सगळं वाचलं. मला एक सांगायचंय, आणि जरा कळकळीने.

हा माणूस १९९९ ते २००१ हेरातचा राज्यपाल होता. हेरात म्हणजे फारसी कवितेचं शहर, जामीचं शहर. तिथे त्या वर्षांत मुलींच्या शाळा बंद, विद्यापीठ स्त्रियांना बंद. तेव्हा तिथल्या बायका काय करायच्या माहितीये? शिवणकामाच्या वर्गाला जायच्या. शिवण शिकायला तालिबानची परवानगी होती. पिशवीत वर कापड, कात्री, दोरे, आणि खाली वह्या. प्राध्यापक मुहम्मद अली रहयाब यांच्या घरी बसून त्या साहित्य शिकायच्या, स्वतःच्या कविता वाचायच्या. बाहेर मुलं खेळत पहारा द्यायची. कुणी येताना दिसलं की आत खबर, की पुस्तकं गायब आणि सुया बाहेर. त्या वर्गातली एक मुलगी नादिया अंजुमन. फार ताकदीची कवयित्री. २००५ मध्ये वयाच्या पंचविशीत नवऱ्याच्या मारहाणीनंतर गेली.

कलम ४ की कलम ५ यावर तुम्ही सगळे बोलताय, ते हवंच. पण या बायकांचं म्हणणं कुठल्या कलमाखाली ऐकलं गेलं? खैरख्वाला बारा वर्षं ठेवलं ते तो अमेरिकेचा शत्रू म्हणून. हेरातच्या बायकांचा तो कोण होता हे त्याला कुणी विचारलंच नाही. आणि आता तोच माणूस संस्कृतीमंत्री. संस्कृतीमंत्री!


अक्षांश

कोरांटीताई, मला धाग्यात जे म्हणायचं होतं ते तुम्ही जास्त नेमकं मांडलंत.

हेच मझारबद्दलही खरं आहे, म्हणून आता नियाझीकडे येतो. ऑगस्ट १९९८ मध्ये मझारमध्ये तालिबानने हजारा या शिया अल्पसंख्य समाजाच्या लोकांना घरोघरी शोधून मारलं. ह्यूमन राइट्स वॉचचा अंदाज किमान दोन हजारांचा. इराणी वाणिज्य दूतावासात आठ मुत्सद्दी आणि एक पत्रकार मारले गेले. नियाझीने मशिदींतून हजारा लोकांविरुद्ध दिलेली भाषणं साक्षीदारांनी सांगून ठेवली आहेत. त्याच्या घरी खैरख्वा सापडला, ही गोष्ट न्यायालयात आली. पण कशासाठी? खैरख्वा तालिबानच्या वरच्या वर्तुळातला होता हे दाखवायला. त्या घराच्या मालकाने मझारमध्ये काय केलं, हा त्या सुनावणीचा विषयच नव्हता.

त्याच अदलाबदलीत सुटलेला मुल्ला फझल तालिबानचा वरिष्ठ सेनानी होता आणि त्याच्यावर शियांच्या कत्तलींचे आरोप आहेत. तोही बारा वर्षं अमेरिकेच्या हातात होता. पुरावे गोळा करायला, साक्षीदार शोधायला बारा वर्षं! खटला नाही. नियाझी पुढे तालिबानच्या फुटीर गटात गेला आणि मे २०२१ मध्ये हेरातमधल्या हल्ल्यातल्या जखमांनी मेला. तोही कुठल्याच न्यायालयासमोर उभा न राहता.


तटबंदी

कोरांटीताई, तुमचा प्रतिसाद वाचून थांबलो थोडा. मुद्दा मान्य आहे की सुरक्षेसाठी डांबणं आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली झाली म्हणजे दुसरी झाली असं होत नाही.

तरी एक विचारतो. खटला चालवायचा तर कुठे? अमेरिकी न्यायालयाला हजारा लोकांच्या हत्यांवर अधिकार कुठून येणार? करझाई सरकारची न्यायव्यवस्था तेव्हा नुसती कागदावर. आणि सोडून दिलं असतं तर हा पुन्हा तालिबानमध्येच जाणार होता, तसा तो गेलाही. मग सुरक्षा कैद चुकीची कशी ठरते?


कज्जेदलाल

खटला कुठे, हा खरा अडसर आहे. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा अफगाणिस्तानवरचा अधिकार १ मे २००३ पासूनचा. मझार १९९८ चं, हेरात २००१ पर्यंतचं, दोन्ही त्याच्या बाहेर. जुलै २०२५ मध्ये त्या न्यायालयाने तालिबानचा सर्वोच्च नेता अखुंदजादा आणि त्यांचे मुख्य न्यायाधीश हक्कानी यांच्यावर स्त्रियांच्या छळाबद्दल अटक वॉरंट काढली, पण ती २०२१ नंतरच्या कृत्यांसाठी. अफगाणिस्तानसाठी खास न्यायाधिकरण उभं करता आलं असतं, युगोस्लाव्हियासाठी आणि रवांडासाठी केलं तसं. ते करायची इच्छा कुणालाच नव्हती. २००१ च्या विजेत्यांत ज्यांचे हात रक्ताने माखलेत असेही बरेच होते, त्यांनाही ते नको होतं.

पण 'अडसर होता' आणि 'म्हणून बारा वर्षं' यांत अंतर आहे. २०१० मध्ये ओबामा प्रशासनाच्या कृती दलाने २४० कैद्यांची छाननी केली. त्यांतल्या ४८ जणांना 'सोडायला धोकादायक, खटला चालवायला अशक्य' अशा वर्गात टाकलं. खैरख्वा त्या ४८ मध्ये होता. चारच वर्षांनी त्याला सोडलं. धोका कमी झाला होता का? झाला नव्हता, फक्त किंमत मिळाली होती.


ओसरी

अदलाबदलीची ती तालिबानने प्रसिद्ध केलेली चित्रफीत पाहिली होती तेव्हा. खोस्त प्रांतातला उघडा माळ. पिकअपच्या मागे पांढऱ्या सलवार-कमीजमध्ये, डोकं भादरलेला बर्गडाल, उन्हाने सारखे डोळे मिचकावतोय. पाच वर्षांत बहुधा इतका उजेड पाहिला नसेल. ब्लॅक हॉक उतरतं, तीन माणसं येतात, तालिबानी पांढरं फडकं घेऊन पुढे जातात, घाईघाईत हस्तांदोलन, त्याला चाचपून पाहतात आणि उचलून नेतात. दोन-चार क्षणांचा मामला.

त्या मुलासाठी बरं वाटलं होतं. पण तेव्हा कळत नव्हतं की बरं वाटावं की नाही.


नीलकंठ

ओसरीताई, बरं वाटण्यात गैर काहीच नाही. आपला सैनिक परत आणणं हे कुठल्याही देशाचं कर्तव्यच. फक्त तो व्यवहारही कायद्याला बगल देऊन झाला. ग्वांतानामोमधून कैदी हलवण्याआधी काँग्रेसला ३० दिवस आधी कळवायचं असा नियम होता. तो पाळला नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने संरक्षण खात्याने कायदा मोडल्याचं लेखी दिलं. म्हणजे आत घेताना कायदा बाजूला आणि बाहेर सोडतानाही.


अक्षांश

तटबंदी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो. सुरक्षा कैद मुळातच चुकीची, असं मी म्हणत नाही. २००२ मध्ये त्याला पकडून ठेवणं मी समजू शकतो. पण अशा कैदेला दोन गोष्टी हव्यात. सुरुवातीलाच निष्पक्ष सुनावणी, आणि ठरावीक काळाने खरी फेरतपासणी. पहिली गोष्ट सहा वर्षांत मिळालीच नाही. दुसरीचं म्हणाल तर, २०११ मध्ये करझाईंनी नेमलेल्या उच्च शांतता परिषदेने स्वतः मागणी केली होती की खैरख्वाला सोडा, वाटाघाटींत उपयोगी पडेल. ज्या देशाचा तो नागरिक, त्या देशाचं सरकार मागतंय, तरी नाही.

आणि 'पुन्हा तालिबानमध्ये गेला' याबद्दल: तो २०१८ मध्ये त्यांच्या दोहा कार्यालयात गेला आणि फेब्रुवारी २०२० च्या दोहा कराराच्या वाटाघाटींत अमेरिकेच्याच समोर बसला. ज्याला धोकादायक म्हणून ठेवलं, त्याच्याशी चर्चा करून सैन्य परत नेलं. मग बारा वर्षांच्या कैदेने कुणाचं काय राखलं, हे तुम्हीच सांगा.


भाऊराव_८४

आता तिथे अफगाण कुणी उरलंय का?


अक्षांश

भाऊराव, एक आहे. मुहम्मद रहीम. २००७ मध्ये लाहोरला पकडला, आधी सीआयएच्या ताब्यात, मार्च २००८ मध्ये ग्वांतानामोला. बाहेरून तिथे आणलेला तो शेवटचा कैदी. ओसामाचा दुभाषा आणि साहाय्यक असल्याचा दावा आहे, आरोपपत्र नाही. एकूण ७८० च्या आसपास माणसं तिथे गेली, जानेवारी २०२५ मध्ये १५ उरली होती. तालिबान त्यांच्याकडच्या अमेरिकी नागरिकांच्या बदल्यात रहीमला मागत आले आहेत.


कोरांटी

म्हणजे पुन्हा तेच. किंमत ठरेपर्यंत आत.

अक्षांश, रहीमवर वेगळा धागा काढा. आणि शक्य झालं तर मझारच्या साक्षींवरही. ह्यूमन राइट्स वॉचचा १९९८ चा अहवाल आहे, त्यातल्या साक्षींचा मराठीत गोषवारा द्यायला मी मदत करते.


अक्षांश

नक्की. मझार आधी घेऊ. तुम्हाला व्यनि करतो.